आधी कंसातलं

११ जानेवारी

फोन करू नका, असं तू जाताना सांगून गेलीस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहिते आहे. पाकिटावर तुझ्या नावापुढे आडनाव कुठलं घालायचं यावर बराच वेळ गेला. आमचं घालावं तर तुला राग यायचा, माहेरचं घालावं तर मला. शेवटी नुसतं नाव आणि ऑफिसचा पत्ता घातला. एवढ्यावर पोचलं तर पोस्टमनचे आभार मान.

घाबरू नकोस, घरातलं काही लिहीत नाही. कामाचं पत्र आहे. तू आमच्या ग्रंथालयाच्या संगणकाला करून दिलेली स्क्रिप्ट बिघडली आहे, आणि इथे कुणालाच तिच्यातलं ओ की ठो कळत नाही.

आठवतं ना, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिली होतीस. मी मटार सोलत होते आणि कुरकुरत होते. छापील पुस्तक स्कॅन केलं की प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडाही मजकुरात घुसतो, आणि मग आमच्या अंध श्रोत्यांना पुस्तक वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज ऐन रंगात आलेल्या प्रसंगात मध्येच 'एकशे बारा' म्हणतो. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेली मी बाई, निवृत्त होऊन ग्रंथालयात आले ती हे आकडे एकेक करून पुसायला. तू ऐकून घेतलंस, मटार बाजूला सारलेस आणि म्हणालीस, हे माणसाने करायचं कामच नाही. मटार शिजायच्या आत तुझी स्क्रिप्ट तयार होती. तेव्हापासून ती बिचारी इमानेइतबारे राबते आहे.

तर आता तक्रार. आमचे एक श्रोते आहेत, निवृत्त न्यायाधीश. म्हातारपणी दृष्टी गेली, पण निकाल द्यायची सवय शाबूत आहे. त्यांनी परवा 'थांब जरा' नावाची कादंबरी ऐकली आणि फोन करून मला फैलावर घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की कादंबरीतली मुलगी रागाने घर सोडून निघते, फाटकाशी जाते, आणि काहीही कारण नसताना मागे वळते. "पहिल्या वेळी मी लेखिकेला संशयाचा फायदा दिला," ते म्हणाले. "पण ती परत परत तेच करते, बाई. माणूस कारणाशिवाय मागे वळत नाही."

मी छापील पुस्तक काढून पाहिलं. प्रत्येक वेळी मुलीची मावशी दारातून म्हणते, "थांब जरा." स्वतंत्र ओळीवर, नुसते ते शब्द. आमच्या ध्वनिपुस्तकात मावशी आहे, दार आहे, फाटक आहे, आणि ती ओळ नाही. एकदाही नाही.

पानाच्या डोक्यावरचं नाव काढता काढता स्क्रिप्ट मावशीचं बोलणंही खाते आहे, असं दिसतं. का, ते तूच सांगू शकशील. सवडीने कळव. सवड झाली नाही तरी हरकत नाही, जज्जसाहेबांना मी पुढची तारीख देत राहीन.

तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण कामाचं पत्र आहे.

ग्रंथालयातर्फे,
मी


३० जानेवारी

तुझं उत्तर ग्रंथालयाच्या ईमेलवर आलं. वर 'प्रति ग्रंथालय' आणि खाली तुझं नावही नाही. पण दुरुस्त केलेली ओळ धाडलीस आणि चूक कुठे झाली तेही समजावलंस, तेव्हा मी नाक मुरडणार नाही. मात्र ते माझ्या टाळक्यात शिरायला वेळ लागला. मला जे कळलं ते लिहिते, चुकत असेन तर सांग.

तू स्क्रिप्टला बजावलं होतंस: ओळ पानाच्या डोक्यावर असेल आणि नुसता आकडा असेल किंवा पुस्तकाचं नाव असेल, तर काढून टाक. तुझ्या मनात होतं, की आकडा असो वा नाव, ओळ डोक्यावरचीच हवी. यंत्राने वाचलं ते वेगळं. त्याच्याकडे 'आणि'चा मान 'किंवा'पेक्षा मोठा. गणितात बेरजेआधी गुणाकार करतात तसं ते आधी 'आणि'च्या दोन्ही बाजू एकत्र बांधतं, मग 'किंवा'कडे बघतं. म्हणजे पानाच्या डोक्यावरचा आकडा ही एक जोडी झाली, आणि पुस्तकाचं नाव एकटं मोकळं सुटलं. ते पानावर कुठेही सापडो, उडव.

हे मी काल कँटीनमध्ये आमच्या हिशेबनीस बाईंवर आजमावून पाहिलं. म्हटलं, तुम्हाला चहा आणि बिस्किट किंवा टोस्ट आणायला सांगितलं तर काय आणाल? त्या म्हणाल्या, चहा तर आणीनच, बरोबर जे असेल ते. शहाण्या बाई आहेत. तुझं यंत्र टोस्टवाल्याला चहाच देणार नाही, कोरडा टोस्ट हातावर ठेवील. आणि वर म्हणेल, तुम्हीच तसं सांगितलंत.

उपाय मात्र माझ्या ओळखीचा निघाला. कंस. 'आकडा किंवा नाव' एवढं कंसात घातलं की आधी ते सुटतं, बाकीचं मागून. शाळेत आपल्या सगळ्यांकडून घोकून घेतलेली गोष्ट. तू गणितात हुशार, म्हणून तुला कंस घालायची गरज वाटली नसेल. मला तोंडी हिशेबातही कंस लागायचे.

नावाचा नमुनाही फार सैल ठेवला होता, हे तू आपणहून कबूल केलंस. स्कॅनरच्या चुका गृहीत धरून नावाच्या मागेपुढे टिंब, रेघ, अवतरणचिन्ह, काहीही चालेल असं लिहिलं होतंस, म्हणून मावशीचं अवतरणातलं बोलणंही त्या साच्यात नेमकं बसलं. मी यात तुला दोष देत नाही. आमची आधीची बहुतेक पुस्तकं 'मधुमेह: समज आणि उपचार' या थाटाची. असली नावं कुणी कुणाला दारात उभं राहून हाक मारल्यासारखी म्हणत नाही, त्यामुळे इतके दिवस काही उघडकीला आलं नाही.

दुरुस्ती घातली, कादंबरी नव्याने तयार केली. जज्जसाहेबांनी ऐकली आणि निकाल फिरवला. मुलगी निर्दोष आहे, हे तुझ्या कानावर घालायला सांगितलंय.

मफलर वापरतेस का? हे ग्रंथालयातर्फे विचारलेलं नाही.


१९ फेब्रुवारी

या वेळी खाली तुझं नाव होतं. वर कुणाचंच नव्हतं, पण मी तक्रार करत नाही. मफलरचं उत्तर मात्र टाळलंस, म्हणजे वापरत नाहीस.

जुनी पुस्तकंही तपासा असं सांगितलंस ते बरं केलंस. छापील प्रत एका हाताशी आणि पडदा समोर, असं जुन्या सवयीने सगळं ताडून पाहिलं. बहुतेक सुटली. एक कवितासंग्रह तेवढा सापडला, 'पायरीवरचं ऊन'. त्याच नावाच्या कवितेचं ध्रुवपद म्हणजे तीच ओळ, आणि स्क्रिप्टने ती प्रत्येक कडव्याखालून मुळासकट उपटलेली. श्रोत्यांचे अभिप्राय काढून बघितले, तर एका गृहस्थांनी कळवलंय की कविता फार संयत आहे, कवी सगळं सांगत नाही हे भावलं. त्यांना दुरुस्त प्रत पाठवावी की त्यांचा आनंद तसाच राहू द्यावा, या विचारात मी आहे.

आता माझा पराक्रम ऐक. मी स्वतः एक नियम लिहिला. तळटिपांचे आकडे चौकोनी कंसात येतात, तेही यंत्र मोठ्याने वाचतं, म्हणून ते काढायचे होते. तुझ्या ओळी बघत बघत लिहिलं: उघडणारा कंस, मग काहीही, कितीही, मग बंद होणारा कंस, हे सगळं गाळ. चालवलं, आणि एका आत्मचरित्रातून लेखकाचं अख्खं लग्न नाहीसं झालं. परिच्छेदातल्या पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत मधलं सगळं एका घासात गिळलं. सकाळी मुलगी बघायला निघालेला माणूस दुपारी एकदम तीन मुलांचा बाप. मी खुर्चीत बसून एकटीच हसत होते, हिशेबनीस बाई दारात येऊन बघून गेल्या.

मग तुझ्या एका जुन्या ओळीत त्या 'कितीही'च्या पुढे एक प्रश्नचिन्ह दिसलं. तेच उसनं घेतलं. आणि काय सांगू, नियम एकदम अल्पसंतुष्ट झाला. जवळचा कंस मिळाला की हात आवरतो. पंगतीतल्या हावऱ्या माणसाला कुणी हळूच 'पुरे ना?' म्हणावं तसं ते प्रश्नचिन्ह काम करतं.

पण तेव्हापासून तुझी ती दुरुस्त ओळ रुसली आहे. स्क्रिप्ट चालतच नाही. कंस उघडलाय पण बंद झालेला नाही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणते आणि बसून राहते. मला कुठे ते सापडत नाही. बघशील का?

घरातलं लिहायचं नाही असं माझंच ठरलं होतं. एवढं एकच. चिरंजीवांनी वेगळं बिऱ्हाड केलंय. कुणाबरोबर, ते तुला कळलं असेलच. मी एकटी आहे आणि बरी आहे. तुझं खिडकीजवळचं टेबल मी माझ्या कामाला घेतलंय. त्यावर पेल्याचा गोल डाग पडलाय तो पुसला जात नाही, आणि मी फार घासलेलाही नाही.


७ मार्च

पकडलंस.

हाताने लिहिलेलं तुझं पहिलं पत्र, आणि त्यात माझी उलटतपासणी. नवा नियम दुसरीकडे लिहिल्याने जुन्या ओळीतला कंस गळून पडत नाही. आठवडेच्या आठवडे नीट चाललेल्या ओळीत तो कुणीतरी बोट ठेवून पुसला तरच असं होतं. आणि जिने आयुष्यभर प्रुफं तपासली तिला उघडा पडलेला कंस दिसत नाही, हे तुला पटत नाही, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. बरोबर आहे सगळं. जज्जसाहेबांच्या हाताखाली तुला लावून द्यायला हवी होती.

कंस मीच पुसला. पुसून तसाच ठेवून घरी गेले. बंद न झालेला कंस पानावर ठेवून उठणं मला किती जड गेलं, तुला कल्पना नाही. परत जाऊन घालावा असं दोन्ही वेळच्या जेवणात मनात आलं. आणि विषय निघालाच आहे तर तेही सांगते, की पहिल्या पत्रात इथे कुणालाच काही कळत नाही असं लिहिलं ते खरं नव्हतं. संगणक दुरुस्तीला येणारे गृहस्थ उभ्या उभ्या करून देत होते. मी त्यांना हात लावू दिला नाही. चहा पाजला आणि परत पाठवलं.

तुझ्या पत्रातलं पुढचं वाक्य मी इथे उतरवून काढते, कारण ते मला पुन्हा लिहून बघायचं आहे. "आई, पत्र लिहायला बिघाड लागत नाही." ते वाचलं, पत्र मिटून ठेवलं, भांडी घासली, हात पुसले आणि पुन्हा उघडून वाचलं.

मग आता न लपवता लिहिते. तू तुझ्या नवऱ्यापासून वेगळी झालीस. मला भीती वाटत होती ती अशी, की त्याच्याबरोबर मीही सुटले. आपलं नातं त्याच्यामार्फत आलेलं. तो मधून निघून गेल्यावर राहिलेल्या दोघींनी काय करायचं, याची काही रीत नाही. कुणी विचारायला येत नाही, कुणी समजूत घालत नाही. शेजारीण नुसती म्हणाली, तुम्ही आता मोकळ्या झालात. मला मोकळं व्हायचंच नव्हतं. तू मला हवी होतीस, आणि ते सरळ मागायला तोंड होईना, म्हणून मी स्क्रिप्टच्या आड लपले.

ती कादंबरी तुम्ही मुद्दाम निवडलीत का, असं विचारलंयस. नाही गं. ती यादीत होती, तिची पाळी आली. आणि तू निघालीस तेव्हा मी दारात उभी असून गप्प राहिले, याची मला टोचणी असेल असंही समजू नकोस. तू जिना उतरत होतीस आणि किती दिवसांनी तुझी पाठ मला सरळ दिसली. तुम्ही दोघं एका घरात मीठ मागण्यापुरतं बोलत होतात. भांडला असतात तर मी मध्ये पडले असते, एकाचा तरी कान धरला असता. तुम्ही भांडलाही नाहीत. तू गेलीस ते चांगलं केलंस, मी तुला थांबवलं नाही तेही चांगलं केलं. फक्त 'फोन करू नका' म्हणालीस ते मला फार लागलं.

आता तुझ्यावर रागावते. सहीच्या खाली, अगदी कागदाच्या कडेला तू लिहिलंयस, की पुढच्या महिन्यात काही दिवस उत्तर येणार नाही, गळ्याजवळची गाठ काढायची आहे, छोटंसं ऑपरेशन. मी तळटीप आधी वाचणारी बाई आहे. गाठ कधीपासून आहे? सोबत कोण आहे?


२३ मार्च

मैत्रीण सकाळी सोडायला येईल आणि दुसऱ्या दिवशी घ्यायला येईल, असं तू कळवलंस. सोडणं आणि घेणं यांच्या मधल्या वेळेचं काय, ते लिहिलेलं नाही. गाठ तपासणीला पाठवणार आहेत, हेही असं लिहिलंयस जणू तिची बदली झाली आहे. तुझी आई असती तर तिने तुझी चांगली कानउघाडणी केली असती. ती नाही, तर ते काम माझ्याकडे आलं.

काल चिरंजीव आले होते. ग्रंथालयातून मी दमून आले तर हे महाशय पायऱ्यांवर बसलेले, किल्ली असून. आत येऊन पाणी प्यायला आणि टेबलावरचं तुझं अक्षर त्याने ओळखलं. तो दुष्ट नाही, तुला माहीतच आहे. त्याला सगळ्याचंच अवघड होतं. तुझी गाठ काढायची आहे आणि मी तुझ्याकडे जायचं म्हणते आहे हे सांगितल्यावर त्याला माझं जाणं आवडलं नाही. ती आता आपली कोण, असं त्याचं म्हणणं. लोक काय समजतील, त्याच्या नव्या घरी काय वाटेल, शिवाय तुला तरी ते हवं आहे का.

मी स्टुलावर बसले होते, बसूनच बोलले. "तू माझा मुलगा आहेस, त्यात तसूभर फरक नाही," मी म्हटलं. "तिला मी तुझ्यामुळे ओळखायला लागले. पण आता तुझ्यामार्फत ओळखत नाही."

त्याने रिकामा पेला टेबलावर फिरवला. मग म्हणाला, कसली गाठ आहे. मी माहीत होतं तेवढं सांगितलं. निघताना दारात म्हणाला, तिकीट मी काढून देऊ का. मी नको म्हटलं, पण त्याने विचारलं हे तुला सांगावंसं वाटलं. जिना उतरताना त्याची पाठ मात्र वाकलेलीच होती. त्याची काळजी मी निराळी करते, ती तुझ्याकडे पाठवत नाही.

त्याला मी तुझ्या यंत्राचं काही समजावलं नाही, नाहीतर म्हणाला असता, आईला या वयात भलतंच वेड लागलं. पण डोक्यात तेच होतं. आपण तिघं एका ओळीत लिहिलेली माणसं. जगाची रीत अशी, की ते आधी नवरा-बायको बांधतं, आई-मुलगा बांधतं, आणि सासू-सुनेची पाळी येईपर्यंत हातात काही उरत नाही. जगावर माझा राग नाही. यंत्रासारखंच त्यालाही कुणीतरी तसं शिकवलंय. पण कंस घालायची मुभा तर आहे ना? मग मी घालते. आधी तू आणि मी. बाकीचं मागून सोडवू.

तर सरळ विचारते. मी येऊ का? नको असेल तर नको लिही, मी रुसणार नाही. रुसले तरी इतक्या लांबून तुला दिसणार नाही.


४ एप्रिल

'इकडे पहाटे गारठा असतो, शाल आणा. माझं घर वरच्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, गुडघ्यांचं बघा. चहाची पूड तुम्हाला लागते ती इथे मिळत नाही.'

एवढ्या पत्रात 'या' कुठेच नाही. मी कागद उलटून पाहिला, पाकिटातही पाहिलं. पण नमुने ओळखायला तूच मला शिकवलंयस. शाल बांधली. पूड घेतली. गुडघ्यांना विचारलं नाही.

ग्रंथालयात रजा मागितली. कारण काय सांगावं याचा विचार करावा लागला नाही, सून आजारी आहे असं आपसूक तोंडून गेलं, आणि आमच्या ग्रंथपाल बाईसाहेबांनी लगेच मान हलवली. त्यांना आपल्या घरातलं माहीत नाही. हिशेबनीस बाईंना स्क्रिप्ट चालवायला शिकवली आहे. त्या प्रत्येक ओळीला इतके कंस घालतात की आतलं कुठे आहे ते शोधावं लागतं. असू दे, जास्तीच्या कंसाने कुणाचं नुकसान झालेलं मी ऐकलं नाही.

जज्जसाहेबांचा फोन आला होता. मी काही दिवस नसेन म्हटल्यावर त्यांनी चौकशी केली, आणि गाठीचं ऐकून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, आपल्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी ते कोर्टात होते, एक सुनावणी पुढे ढकलता आली असती. मग घाईने फोन ठेवला. मी तुझ्याकडे पोचेन त्याच्या आधी हे पत्र पोचेल की नाही कोण जाणे. नाही पोचलं तर दोघी मिळून वाचू.


११ एप्रिल, दवाखान्यातून

तू आत आहेस आणि मी बाहेर बाकावर. मध्ये एक भिंत, एक दार आणि दारावर लाल दिवा. इतक्या जवळून तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. पण बाहेर आल्यावर तुला काही दिवस बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी बडबडत बसले तर तुला उत्तर द्यावंसं वाटणार, म्हणून कागदावरच बोलते.

तुझा चष्मा माझ्या पर्समध्ये आहे. कानातले रुमालात बांधून आतल्या कप्प्यात ठेवलेत. तुझी मैत्रीण येऊन गेली, गोड मुलगी आहे. तिने मला बिस्किटांचा पुडा दिला आणि म्हणाली, ती तुमच्याबद्दल नेहमी बोलते. काय बोलते ते मी विचारलं नाही, नुसतं मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असली तर उगाच उघडी पडली असती. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ डुलक्या घेतायत. फरशी पुसणाऱ्या बाईंनी मला आधी पाय वर घ्यायला लावले, मग घरचं कोण आत आहे विचारलं, मग पाय ओले झाले म्हणून आपणहून फडकं आणून दिलं.

मला भीती वाटते आहे. खोटं कशाला बोलू. दार हललं की मी उठून उभी राहते. तपासणीत काय निघेल ते निघेल, तेव्हाचं तेव्हा बघू, पण ते बघायला मी इथेच आहे. रजा मोजून घेतलेली नाही. तुझ्या घरातला तो स्वयंपाकघरातला नळ गळतो तो मी दुरुस्त करून घेणार आहे, आणि पलंग खिडकीपासून लांब सरकवणार आहे. तू बोलू शकणार नाहीस, तेव्हा विरोध होणार नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी कागद काढला. सकाळचं तुला आठवणार नाही. तुला ते गुंगीचं इंजेक्शन देऊन झालं होतं आणि तू ढकलगाडीवर डोळे मिटून पडली होतीस. नर्स कागद घेऊन आली, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे, मिस्टर कुठे आहेत? मी येताना सगळ्या प्रवासात याच प्रश्नाचं उत्तर जुळवत होते. ओळखीची म्हणावं, तर ओळखीच्या बाईला कोण आत सोडतं. माजी सासू म्हणावं, तर असा शब्द कधी कुणाच्या तोंडून ऐकलाय का?

तेवढ्यात तू डोळे न उघडताच म्हणालीस, "नवरा नाही. सासू आहे."

नर्सने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन तसंच वर धरून माझ्या कानाशी वाकली. म्हणाली, गुंगीत बोलतायत त्या, नक्की काय लिहू?

मी म्हटलं, "ती पूर्ण शुद्धीवर आहे. सांगते आहे तसंच लिहा."